देवांसकट सात किलो

३ मार्च, रविवार
मधूचा फोन आला. तिकीट काढलं. तेवीस तारखेचं, चिकलठाण्याहून थेट बंगलोर. मी विमानात पहिल्यांदाच बसणार. भीती नाही. रामरक्षा पाठ आहे.

ह्यांचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी हात धुता धुता मधू म्हणाला होता, आई, आता इथं एकटी कशाला राहतेस, ये की तिकडं. मी तेव्हा वाढायला वळले, दुसरी पंगत बसायची होती. पण ऐकलं होतं. वर्षभर हे घर सोडून बाहेर रात्र काढायची नाही असा माझा नेम होता. तो संपला आणि महिन्याच्या आत मुलानं तिकीट काढलं. आणखी काय पाहिजे.

परतीचंही काढलंय, सहा एप्रिलचं. दोन्ही एकदम काढली की स्वस्त पडतात. काटकसर माझ्यावरून उचलली त्यानं. काढलं म्हणून वापरलंच पाहिजे असं थोडंच आहे.

एक मात्र बजावून सांगितलं. सामान फक्त हातातलं. सात किलो, त्याच्यावर नाही. काही आणू नकोस म्हणाला, इथं सगळं आहे. म्हणजे मला सगळं नवीन घेणार.

संध्याकाळी शेजारच्या द्वारकाबाईंना सांगितलं, कायमची चाललेय. त्यांनी विचारलं, असं मधू म्हणला का. मी म्हटलं, अहो, घरच्या माणसांनी सगळं बोलून दाखवायचं असतं का. त्या म्हणाल्या, बोलल्याबिगर कळतं कसं वो बाई. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. न बोललेलं समजायला थोडं शिक्षण लागतं.

५ मार्च, मंगळवार
काय काय न्यायचं ते ठरवलं. पहिले देव. कायमचं जायचं तर देव मागं ठेवून जाता येत नाही. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, खंडोबाचा टाक. त्यांच्याबरोबर ताम्हन, पळी, पंचपात्र, निरांजन, घंटा, शंख. समई नेणार नाही, ती फारच जड. देव्हारा तिकडं करून घेऊ, बंगलोरला सुतार असतीलच.

मग नातवासाठी, ओजससाठी, रव्याचे लाडू. गुढीचा तांब्याचा गडू, पाडवा नऊ एप्रिलला आहे. ह्यांचा फोटो. माझी चार पातळं. मेतकूट, सांडगे, थोडं तूप.

निश्चय: सगळं मिळून साडेसहा किलो. अर्धा किलो हाताशी ठेवायचा, ऐन वेळी काही आठवलं तर.

७ मार्च, गुरुवार
गॅसवाला कडूबा टाकी घेऊन आला. टाकी तोलायचा लटकता काटा त्याच्याकडं असतो. त्याला म्हटलं, बाबा, एवढी बॅग लाव बरं. अकरा किलो आणि वर थोडं. काटा बिघडलाय का विचारलं. तो म्हणाला, मावशे, काटा बराबर हाय, पण भरल्या टाकीपरीस हलकीच हाय की, कायले चिंता करता.

त्याला सांगितलं, पुढची टाकी आणू नकोस, कनेक्शन बंद करायचंय. तो म्हणाला, बंद कायले करता, आल्यावर चहाला चूल पेटवताल का. प्रत्येकाला कुठं समजावत बसायचं.

साबुदाण्याचा उपवास उद्या. आज तूप कमी केलं. बॅगेतलं.

८ मार्च, शुक्रवार. महाशिवरात्र
द्वारकाबाईंचा मुलगा बन्सी वाळूजला कंपनीत आहे. रात्रपाळी करून आला तरी माझ्यासाठी बसला बिचारा. मोबाइलवर नियम वाचून दाखवले. नारळ चालत नाही. अडकित्ता चालत नाही. लाडू चालतात. देवांबद्दल काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, लिहिलेलं नाही म्हणजे देवांचं वजन धरत नसतील. बन्सी म्हणाला, काकू, काट्याला काय कळतंय देव हाय का दगड. असं बोलू नये म्हटलं, सणाच्या दिवशी.

मग त्यानं विचारलं, बॅग रिकामी किती भरते. हे मी धरलंच नव्हतं. ह्यांची चाकाची बॅग, रिटायर झाले तेव्हा ऑफिसनं दिलेली. नुसती बॅगच अडीच-तीन किलोची निघाली. म्हणजे त्यांनी नोकरीभर काम केलं आणि शेवटी ओझंच दिलं.

उपाय सापडला. जुन्या पडद्यांची पिशवी शिवते. जाड कापड, दुहेरी शिलाई. पाव किलोच्या आत बसेल. सगळा प्रश्न सुटला.

दुसरं म्हणजे, माणसाचं वजन करत नाहीत. हे बन्सीनंच सांगितलं. तो ते बोलला तेव्हा त्याला कळलं नाही, पण मला लगेच कळलं.

१२ मार्च, मंगळवार
राममंदिरात भजनी मंडळानं निरोपसमारंभ केला. मी नको म्हणत होते. शाल, श्रीफळ आणि नाथमहाराजांची तसबीर, काचेची, चांगली हातभर. शाल लोकरीची आहे. प्रेमानं दिलेल्या वस्तूचं वजन बघू नये, पण घरी येऊन बघितलं.

दोन शब्द बोलायला उभी राहिले. म्हटलं, मुलानं बोलावलं, सुनेचा आग्रह, नातू वाट बघतोय, जावं लागतं. काही बायकांनी डोळे पुसले. चहा गार झाला म्हणे, मला कळलंच नाही.

मंडळाचं प्रमुखपद दमयंतीबाईंना दिलं. त्यांना सूर लागत नाही. असो. आता माझा काय संबंध.

१५ मार्च, शुक्रवार
घराची आवराआवर. दूध तेवीसपासून बंद. तुळस द्वारकाबाईंच्या अंगणात नेऊन ठेवली. कूलरही त्यांनाच देते म्हटलं, पोरं उन्हाळाभर तळमळतात. त्या म्हणाल्या, वापरते बाई, पण घेत नाय, तुमचा कूलर तुमचाच. मी म्हटलं, अहो, मला आता काय करायचाय, बंगलोरला हवा गार असते. त्या म्हणाल्या, इथली हवा तशीच राहणार हाय ना. काही बायकांना देणगी स्वीकारताच येत नाही.

पाटा-वरवंटा मंदिराच्या स्वयंपाकघरात दिला. तो दिला तेव्हा मात्र जिवाला लागलं. सासूबाईंचा होता. पण तो काही सात किलोत बसला नसता, हे सासूबाईंनाही पटलं असतं.

१७ मार्च, रविवार
मधूचा फोन. ओजसचं पाळणाघर पंचवीसपासून पंधरा दिवस बंद आहे, तू असलीस की आम्हाला काळजी नाही, म्हणाला. म्हणजे मी आल्यावर पाळणाघर सोडायचा विचार दिसतो. एकदम कसं बोलणार, पैसे भरलेले असतात.

त्याला सांगितलं, देव घेऊन येतेय. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, देव कशाला, आई? गावाला जाताना तू ते तांदळात ठेवतेस ना?

हे खरं आहे. चार दिवस कुठं जायचं झालं तर पातेलीभर तांदळात देव ठेवायचे, म्हणजे मागं ते उपाशी राहत नाहीत. आमच्याकडं पूर्वीपासून तसं करतात. पण ते चार दिवसांचं. त्याला म्हटलं, तांदळात किती दिवस ठेवणार रे. तो म्हणाला, बघ बाई, तुला झेपेल तेवढं आण. माझ्या ओझ्याची काळजी वाटते त्याला. लहानपणीही बाजारातून येताना पिशवीचा एक बंद धरायचा.

त्यांच्याकडं एकच गणपती आहे, फ्रिजवर. मागं व्हिडिओत दिसला होता. चपलांचं कपाट हलवलं तर तिथं देव्हारा छान बसेल. पूर्वेकडं तोंड होतं की नाही ते जाऊन बघते.

२० मार्च, बुधवार. एकादशी
नवी पिशवी भरून द्वारकाबाईंकडच्या धान्याच्या काट्यावर ठेवली. दहा. पडदे हलके, पण आतलं जड.

आज काढलेलं: शाल. तसबीर (द्वारकाबाईंच्या भिंतीवर). सांडगे. तूप पूर्णच. स्वेटर. चारातली दोन पातळं, तिकडं मिळतीलच. जादा चष्मा. औषधं खोक्यातून काढून नुसत्या पट्ट्या. ह्यांच्या फोटोची चौकट काढली, नुसता फोटो रामरक्षेच्या पुस्तकात ठेवला. चौकटीशिवाय ते जरा लहान दिसतात.

द्वारकाबाई बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, बाई, तुमचं तुमचंच काढायले तुम्ही, देवाचं आन पोराचं तसंच. एक घंटी तरी काढा. मी म्हटलं, घंटेशिवाय आरती कशी करणार. त्या म्हणाल्या, टाळ्या वाजवा.

पुन्हा तोललं. नऊच्या आसपास. चांगली प्रगती आहे. तीन दिवसांत दोन किलो सहज निघतील.

२२ मार्च, शुक्रवार. दुपार
निघाले नाहीत.

पण घाबरायचं कारण नाही. ह्यांचा लोकरी कोट काढला. अस्तराला आतून चार खिसे शिवले. एकात घंटा, रुमालात गुंडाळून. एकात गुढीचा गडू. एकात अन्नपूर्णा. एकात पळी, पंचपात्र. कोट घालून घरभर फिरून बघितलं. बाहेर ऊन रणरणतंय. पण विमानात थंडी असते असं सगळे म्हणतात, कुणाला संशय येणार नाही.

द्वारकाबाई ताक द्यायला आल्या आणि दारातच बसल्या हसत. म्हणाल्या, देव चोरून चाललेल्या वाणी दिसताय, पोलीस धरून नेतेल तुम्हाला. मग हसू आवरून माझी कॉलर नीट केली. कोटाला अजून ह्यांच्या तपकिरीचा वास आहे. ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना आला असावा.

निश्चय: काउंटरवर ताठ उभं राहायचं. घंटा हलता कामा नये.

२३ मार्च, शनिवार. विमानात
हे विमानात बसून लिहितेय. खिडकीची जागा नाही. तरी लिहायलाच हवं, नाहीतर उद्या माझं मलाच वेगळं आठवेल.

बन्सीनं गाडीनं सोडलं. द्वारकाबाई सोबत आल्या. विमान उडालेलं बघूनच जाऊ म्हणाल्या, कुंपणापाशी थांबल्या. मी एकटी आत.

काउंटरवर मुलगी होती, ओजसच्या आईएवढी असेल, मराठी बोलणारी. म्हणाली, मावशी, बॅग काट्यावर ठेवा. ठेवली. आठ किलोच्या जरा खाली. तिनं मान हलवली. सात, मावशी.

मी तिला सांगितलं, बाळ, ह्यात देव आहेत. खरंच तिनं पिशवीला हात जोडले. डोळे मिटून. मला वाटलं, झालं काम. मग डोळे उघडून म्हणाली, तरी सातच, मावशी.

मी म्हटलं, हे काही सामान नाही. ती म्हणाली, मला कळतंय, पण काट्यावर जे ठेवलं ते धरावं लागतं. पैसे भरले तर ही पिशवी खाली जाईल, बाकीच्या बॅगांबरोबर. मी विचारलं, खाली म्हणजे कुठं. विमानाच्या पोटात, म्हणाली. म्हणजे लोकांच्या चपला-बुटांच्या बॅगांखाली बाळकृष्ण. मी नाही म्हणायला मान हलवली आणि कोटातून घंटा वाजली.

मागच्या माणसानं वाकून बघितलं. मुलीनं हळू विचारलं, मावशी, कोटात काय आहे? खोटं बोलायची सवय नाही. काढून ठेवला कोट काट्यावर. मागच्या माणसानं मान खाली घातली. त्यापेक्षा कुणी हसलं असतं तर बरं.

मधूला फोन लावला. गर्दीत ऐकू येईना म्हणून मोठ्या आवाजावर टाकला. ती चूकच झाली माझी. मधू म्हणाला, अगं आई, पंधरा दिवसांसाठी सगळे देव कशाला उचलून आणतेस, सहाला तर परत चाललीस, दे ना कुणाकडं तरी. मी विचारलं, आणि पाडवा? गुढीचा गडू घेतलाय मी. तो म्हणाला, म्हणून तर सहाचं तिकीट काढलं ना. बाबांच्या घरी गुढी उभारायची असेल तुला. वर्षभर काही सण केला नाहीस.

रागानं नाही बोलला. प्रेमानं बोलला. विचार करून तारीख निवडली होती त्यानं.

काउंटरवरची मुलगी दुसरीकडं बघत होती. मग म्हणाली, मावशी, वेळ आहे अजून, बाहेर कुणी असेल तर देऊन या, मी थांबवते तुमचं.

दारावरच्या शिपायाला विचारून बाहेर गेले. द्वारकाबाई कुंपणापाशीच होत्या. मला बघून म्हणाल्या, काय वो, विसरलं का काही. मी ताम्हन काढलं. त्यात एकेक ठेवलं. कोटातलेही. त्या समजल्या. डोक्यावरचा पदर पुढं घेतला आणि दोन्ही हात पदराखाली धरून कुंपणावरून ताम्हन घेतलं. घंटा बन्सीकडं दिली. कोटही दिला, त्याचं आता काम नव्हतं.

त्यांच्याकडं रविवारी मटण शिजतं. वीस वर्षं मी त्या दिवशी आमची मागची खिडकी लावून घेत आले. हे त्यांना ठाऊक आहे. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, तुम्ही येईस्तोवर घरात मटण-अंडं काही शिजणार नाय, बघा. बन्सीचा चेहरा उतरला. त्या त्याला म्हणाल्या, तोंड काय करतो, पंधरा दिवस वरण खाल्ल्यानं मेलं का कुणी.

पंधरा दिवस. त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

पूजेचं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, रोज पाणी, दोन फुलं आणि दूधसाखर. मंत्र नकोत. त्या म्हणाल्या, मंतर मला येत बी नायत, माझ्या बोलीत बोलंन मी त्यांच्याशी. कधी येताय नक्की? मी म्हटलं, बघू, मुलं सोडतील तेव्हा.

त्यांनी मान डोलवली. हो बाई, म्हणाल्या. सोडतेल तेव्हा या.

परत आत गेले. पिशवी काट्यावर ठेवली. किती भरली ते मी बघितलं नाही. मुलगी म्हणाली, मावशी, आता अजून काही असतं तरी चाललं असतं.

२४ मार्च, रविवार. होळी. बंगलोर
पहाटे जाग आली. आंघोळ केली. आंघोळीनंतर करायला काही नव्हतं. सगळे झोपलेले. सोफ्याच्या कडेला बसून राहिले. फ्रिजवरच्या गणपतीला हात जोडले, उंचावर आहे, टाचा वर कराव्या लागतात.

चपलांचं कपाट बघितलं. त्याच्यामागं विजेचा खटका आहे. हलत नाही.

सूनबाई उठली. चहात साखर किती घालू विचारलं. मी करते म्हटलं तर म्हणाली, तुम्ही बसा आई, आल्या आल्या काय काम. चांगली आहे मुलगी. पुरणपोळ्या बाहेरून मागवल्यात, खास माझ्यासाठी.

ओजसनं लाडू खाल्ला. अर्धा.

दुपारी सूनबाईनं कपाटातला एक कप्पा दाखवला. माझ्यासाठी रिकामा करून ठेवलेला, पुसून, खाली नवा कागद घालून. दोन पातळं ठेवली, औषधाच्या पट्ट्या, रामरक्षेचं पुस्तक. लावून झालं. कप्प्यात निम्म्याहून जास्त जागा तशीच होती.

ती म्हणाली, आई, एवढंच आणलंत?

मी म्हटलं, पंधरा दिवसांना कितीसं लागतं.